अण्णांच्या कनूतली बैठक

बंगळूरला आलो तेव्हा मला पोहता येत नव्हतं. अजूनही येत नाही. तरी नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतल्या कितीतरी सकाळी मी एका तलावाच्या काठाशी गुडघाभर पाण्यात उभा राहून काढल्या. एका माणसाला होडीत नीट बसवायचं, एवढंच काम होतं. ते वाटतं तितकं सोपं नव्हतं. आणि शेवटी जेव्हा तो माणूस नीट बसला, सुखानं बसला, तेव्हा खरं म्हणजे आम्ही घाबरायला हवं होतं.

मी मूळचा निपाणीचा. वडील तंबाखूच्या वखारीत मजुरी करायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकही झालं नव्हतं. शाळेतल्या एका मास्तरांनी पुस्तकं दिली, बेळगावातल्या एका नातलगानं दोन वेळा जेवायला घातलं, आणि मी बी.एस्सी. झालो. एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरीला बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात, धातूंचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. कन्नड कामापुरतं यायचं. इंग्रजी वाचता यायचं, पण बोलताना जीभ अडखळायची. पहिल्या दिवशी कँटीनमध्ये ताट हातात घेऊन कुठे बसावं ते कळेना. मी स्वतःशीच मराठीत काहीतरी पुटपुटलो असेन, कारण शेजारच्या बाकावरून आवाज आला, “मी स्वल्प सरकतो. ये, बस इथं.”

ते अण्णा. कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात सीनियर ड्राफ्ट्समन होते. पन्नाशीचे, उंच, खांद्यात किंचित वाकलेले. पंचवीसएक वर्षं उंच स्टुलावर बसून तिरप्या फळीवर रेघा मारल्यामुळे ते वाकणं आलं होतं. त्यांचं घराणं बंगळुरात तीनशे वर्षं होतं. “आमचे पूर्वज लष्कराबरोबर आले,” ते सांगायचे, “आणि परत जायचं विसरले.” त्यांच्या मराठीत मला न कळणारे शब्द होते आणि माझ्या मराठीला ते हसायचे. त्या दिवशी संध्याकाळी ते मला घरी घेऊन गेले, आणि महिनाअखेर मी त्यांच्या मागच्या खोलीत राहायला गेलो. त्यांच्या दोन्ही मुली लग्न होऊन म्हैसूरकडे गेल्या होत्या. घरात ते आणि त्यांची पत्नी. त्यांना मी अक्का म्हणायचो. दोघंही मला नावानं कधी हाक मारत नसत. “बीएस्सी, पानं घेतली रे,” अशी हाक यायची. त्या हाकेत थट्टा होती, पण थोडं कौतुकही होतं. माझ्या आयुष्यात त्या पदवीचं इतकं कौतुक आणखी कुणी केलेलं नाही.

घर हलसूरच्या पलीकडे होतं. आज ज्याला इंदिरानगर म्हणतात त्या बाजूला तेव्हा नाचणीची शेतं होती. घरामागे पन्नास पावलांवर तलाव होता. तिथले लोक त्याला नुसतं ‘केरे’ म्हणायचे. पाणी काळपट, एका अंगाला शेवाळ आणि वेलींचा दाट थर, आणि मधोमध कुणी सांगू शकणार नाही इतकं खोल. त्या तलावाबद्दल सगळ्या वस्तीत एक गोष्ट ठरलेली होती: केरेला दर साली एक लागतो. धोबी तसं म्हणायचे, म्हशी घेऊन येणारे तसं म्हणायचे, अक्काही म्हणायच्या. वर्षात कुणी बुडालं की लोक हळहळायचे, आणि त्या हळहळीत एक सुटकेचा सुस्काराही असायचा, की चला, यंदाचं झालं.

आणि या तलावात अण्णा रोज सकाळी कनू घेऊन जायचे.

कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, लाकडाच्या पट्ट्यांवर कॅनव्हास ताणून बसवलेली हलकी होडी. दोन माणसं सहज उचलतील अशी. कँटोन्मेंटमधला एक इंग्रज अधिकारी विलायतेला परत जाताना ती अण्णांना देऊन गेला होता. अण्णांनी त्याच्या बंगल्याच्या दुरुस्तीचे नकाशे काढून दिले होते, त्याची आठवण म्हणून. अक्का तिला ‘डोणी’ म्हणायच्या, तेही नाक मुरडून. पण अण्णा तिच्यात बसले की वेगळेच माणूस व्हायचे. फळीवर वाकलेला तो माणूस पाण्यावर सरळ व्हायचा. एकच वल्हं, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, आवाज न करता. पाणकोंबड्यासुद्धा उडायच्या नाहीत. तासाभरानं परत यायचे, आंघोळ करायचे आणि कारखान्याची बस पकडायचे. दिवसभरात त्यांच्या मनासारखं असं ते एवढंच करायचे.

मी त्यांच्याकडे राहायला जाऊन वर्ष झालं असेल नसेल, अण्णांची पाठ दुखायला लागली. कमरेखाली, मधोमध. बसलं की कळ, उठलं की कळ, आणि कधी ती कळ मागून मांडीतून पोटरीपर्यंत उतरायची. आमच्या भागातल्या डॉक्टरांनी तेल चोळायला सांगितलं, फळीवर झोपायला सांगितलं, स्टुलाऐवजी खुर्ची घ्यायला सांगितली. अण्णांनी सगळं केलं. कनू मात्र सोडली नाही.

अडचण अशी, की कनूतली मूळची बैठक वेताच्या जाळीची आणि उंच होती. इंग्रज त्या बैठकीला नुसते टेकायचे म्हणे, आणि गुडघे तळाला टेकवून वल्हं मारायचे. अण्णांना आता गुडघ्यांवर बसवेना. ते जाळीवर सरळ बसायचे, पाठीत कळ आली की अंग एका बाजूला टाकायचे, आणि त्यांच्याबरोबर कनूही कलायची. एका सकाळी काठावरून मी बघत असतानाच ती इतकी कलली की कडेवरून पाणी आत गेलं. अण्णांनी वल्हं आडवं टाकून कसाबसा तोल सावरला. जिथं ते घडलं तिथून वेलींचा थर दहा हातांवर होता. त्यात पडलेला माणूस पोहणारा असला तरी बाहेर येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

घरी आल्यावर मी सरळ आंघोळीचं पाणी काढायला गेलो. अण्णांचं धोतर भिजलेलं बघून अक्कांनीच ओळखलं.

“यंदाचा अजून गेला नाही केरेत,” त्या म्हणाल्या. “तुमचाच नंबर लावून आलात काय?”

“अगं, स्वल्प पाणी आलं आत. एवढ्याला काय?”

“ती डोणी फोडून मी बंबात घालीन, सांगून ठेवते.”

“घाल. आणि मी घरी बसून काय करू? कौलं मोजू?” अण्णा हसत म्हणाले, पण पुढे त्यांचा आवाज उतरला. “तेवढं एक आहे गं माझं. ते सुटलं तर मी फळीवर वाकलेलाच राहीन.”

अक्कांनी त्यांना पुसायला पंचा दिला. मग माझ्याकडे वळल्या. “काय रे बीएस्सी? तुझ्या पुस्तकात काही आहे का यावर? ही डोणी कलणार नाही असं काही?”

मला विचारलं गेलं याचाच मला इतका आनंद झाला, की मी लगेच कागद घेऊन बसलो. माणसाचं वजन जितकं खाली, तितकी होडी स्थिर, हे मी आकृती काढून दाखवलं. अण्णांना ते माहीत असणारच. पण त्यांनी माझी आकृती शेवटपर्यंत ऐकून घेतली. ठरलं असं, की उंच जाळी काढून टाकायची आणि तळापासून चार बोटांवर बैठक करायची. ती बैठक पाठीला सोसेल अशी असेल तर अण्णा कनू चालवतील. नसेल तर कनू बंद. अक्कांनी ही अट घातली आणि अण्णांनी “सरी” म्हणून मान्य केली.

तिथून आमचा शोध सुरू झाला. आता आठवलं की हसू येतं, पण त्या वेळी घरात दुसरा विषयच नसायचा. कनूच्या तळाला लाकडी बरगड्या होत्या; त्यावर नुसतं बसलं तर त्या रुततात आणि साचलेल्या पाण्यानं माणूस भिजतो. म्हणून बैठक खाली हवी, पण कोरडी हवी; मऊ हवी, पण डुलणारी नको. पहिल्यांदा कापसाची गादी झाली. ती दोन दिवसांत पाणी पिऊन दगड झाली. मग अक्कांनी भाताच्या पेंढ्याचं एक अवाढव्य चुंबळ वळलं, डोक्यावर घागरीखाली ठेवतात तसं, पण माणसाच्या बुडाच्या मापाचं. त्यावर अण्णा आठवडाभर बसले. मग त्यात किडे झाले. कारखान्यातल्या एका ड्रायव्हरकडून मी मोटारीच्या टायरची ट्यूब आणली आणि हवा भरून आत ठेवली. अण्णा तीवर बसून पाण्यात गेले आणि लगेच परत आले. “डोणीत बसून वर आणखी एक डोणी,” ते म्हणाले. “दोघी दोन दिशांना चालल्या.”

एक आरामखुर्ची आम्ही पाय कापून आत घातली. तिच्यात अण्णा इतके रुतले की काठाला आल्यावर मला आणि अक्कांना दोन्ही हात धरून त्यांना ओढून काढावं लागलं. कँटोन्मेंटच्या जुन्या बाजारातून एका मोडीत गेलेल्या मोटारीचं सीट आणलं. त्याच्या स्प्रिंगा प्रत्येक वल्ह्यासरशी किंचाळायच्या आणि अर्ध्या तलावातले पक्षी उडायचे. प्रत्येक वेळी अण्णा परत आले की आम्ही दोघं एकच प्रश्न विचारायचो आणि त्यांचं उत्तरही एकच असायचं.

“कसं काय?”

“टोचतंय.”

“कुठं?”

“तिथंच. मधोमध.”

“तुम्हाला ना,” अक्का एकदा वैतागून म्हणाल्या, “तुमच्या आईची मांडीच पाहिजे बसायला.”

शेवटी अक्कांनीच तोड काढली. त्यांच्या लग्नातला पाट. जुना सागवानी, रुंद, दोन बोटं जाड. चार कोपऱ्यांना पितळी फुल्या आणि मधोमध एक मोठी, आठ पाकळ्यांची. लग्नात अण्णा त्याच पाटावर बसले होते, आणि नंतर कितीतरी वर्षं सणासुदीला त्यावरच जेवायला बसायचे. “आपली माणसं जन्मभर पाटावर बसलीत,” अक्का म्हणाल्या, “ती काय खुर्च्यांनी सुधारणार?” पाट कनूच्या तळात इतका बरोबर बसला, की जणू मापानं केला होता. खाली बरगड्यांवर पाचरी ठोकून मी तो घट्ट केला. वर सावरीच्या कापसाची पातळ उशी ठेवली. सावरीचा कापूस पाणी पीत नाही, ही माहिती माझी, आणि ती उपयोगी पडली याचा मला केवढा अभिमान! पाठीला टेकायला नवारीचा एक पट्टा आडवा बांधला.

पहिल्या दिवशी अण्णा परत आले. “टोचतंय,” म्हणाले. “पण बरं आहे.”

पुढे काही आठवडे तसंच चाललं. टोचतंय, पण बरं आहे. मग, थोडं टोचतंय. पावसाळ्याच्या तोंडाला एका सकाळी ते नेहमीपेक्षा उशिरा परत आले. मी काठावर घड्याळाकडे बघत उभा होतो. कनू काठाला लागली. अण्णांचा चेहरा कसा उजळला होता ते माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे.

“बीएस्सी,” ते म्हणाले, “आज काही टोचलं नाही.”

“कळ?”

“नाही. पाठीतही नाही. दोरीनं बांधलेलं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं वाटतंय.”

अक्कांनी त्या दिवशी शिरा केला. मला दोनदा वाढला. “पोरा, तुझ्या शिक्षणाचं सार्थक झालं,” असं म्हणाल्या, आणि मी रात्री वडिलांना पत्र लिहिलं, त्यात हेच लिहिलं.

त्यानंतरचे दोन महिने घरात आनंदाचे होते, आणि तरी काहीतरी बरोबर नव्हतं. अण्णा पाण्यावर जास्त जास्त वेळ राहू लागले. पूर्वी तासाभरात त्यांची पाठ त्यांना परत आणायची. आता परत आणणारं काही उरलं नव्हतं. ते वेलींच्या कडेकडेनं जायचे, पलीकडच्या बांधापर्यंत जायचे. अक्का मागच्या दारात उभ्या राहून बघायच्या. तोपर्यंत त्या वर्षी कुणी बुडालं नव्हतं, आणि सप्टेंबर आला तसं वस्तीतले लोक मुलांना पाण्याजवळ जाऊ देईनासे झाले. एक म्हैसवाला मला थांबवून म्हणाला, तुमच्या अण्णांना सांगा, यंदा केरे उपाशी आहे. मी सांगितलं. अण्णा हसले.

माझं सगळं लक्ष पाण्याकडे होतं. अक्कांचंही. म्हणून बाकीच्या गोष्टी दिसूनही आम्ही त्या जोडल्या नाहीत. अण्णांची चाल बदलली होती. उजवं पाऊल जमिनीवर ठेवल्यासारखं न पडता आपटल्यासारखं पडायचं. मागच्या खोलीत बसून नुसत्या आवाजावरून मला कळायचं की अण्णा आले. न्हाणीघरात ते पूर्वीपेक्षा फार वेळ घालवू लागले. एकदा अक्का बाहेरून ओरडल्या, “झोपलात का आत?” आणि आतून ते म्हणाले, “होत नाही गं लवकर. वय झालं.” त्यावर दोघंही हसले.

मग एका सकाळी काठावरून घराकडे येताना मी त्यांच्या मागे होतो. त्यांच्या धोतरावर मागे रुपयाएवढा लाल डाग होता.

“अण्णा, रक्त आहे.”

त्यांनी मान वळवून बघायचा प्रयत्न केला. “जळू असेल. केरेत थोड्या आहेत का? लागलेली कळतसुद्धा नाही.”

ते खरं होतं. जळू लागलेली कळत नाही. पावसाळ्यात माझ्याही पोटरीला दोनदा लागली होती, आणि रक्त वाहायला लागल्यावरच कळलं होतं. अक्कांनी धोतर थंड पाण्यात भिजवलं, जळवांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि विषय संपला. चार-पाच दिवसांनी पुन्हा डाग आला. पुन्हा जळू.

गौरी जेवणाच्या दिवशी अक्कांच्या घरी बऱ्याच बायका जेवायला असायच्या. घरातले सगळे पाट काढले तरी पुरायचे नाहीत. आदल्या दिवशी अक्का मला म्हणाल्या, “जा, डोणीतला माझा पाट काढून आण. एक दिवस तुझ्या अण्णांना सुट्टी.” मी पाचरी सैल करून पाट काढला, उशीसकट घरी आणून स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ठेवला. दुसऱ्या दिवशी पुरणाचा वास घरभर भरला होता. अण्णा ओसरीवर पाहुण्यांच्या नवऱ्यांशी बोलत होते. मी पाणी भरत होतो. अक्कांनी उशी बाजूला केली, पाटावर नुसतं पाणी शिंपडलं, पोळपाट पुढे ओढला आणि पोळ्या लाटायला त्या पाटावर बसल्या.

“आई गं!”

बसल्या तशाच त्या उठल्या. हातातलं लाटणं खाली पडून घरंगळत माझ्या पायाशी आलं. मी पाट उचलून उजेडात धरला. सतत ओलाव्यात राहून लाकूड फुगलं होतं आणि मधली पितळी फुली सैल झाली होती. तिच्या आठ पाकळ्यांतली एक तुटून वर वळली होती. बाभळीच्या काट्याइतकी उभी, आणि तितकीच टोकदार.

अक्का कमरेखाली हातानं चोळत म्हणाल्या, “मेली! रक्त काढलं असतं माझं.”

आणि मग त्या थांबल्या. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांचा चेहरा माझ्यासमोर बदलत गेला. त्यांनी बाजूला ठेवलेली उशी उचलली. खालच्या बाजूला अभ्र्याला भोक पडलं होतं. त्यांनी ती उलटवली. वरच्या बाजूलाही त्याच जागी भोक होतं, आणि त्याभोवतीचं कापड काळपट, कडक झालं होतं. किती दिवसांचं असेल, सांगता आलं नसतं.

शेजारच्या बाई म्हणाल्या, “काय झालं हो?”

“काही नाही,” अक्का म्हणाल्या. “जरा पोळीकडे बघा.”

त्या हातातली उशी घेऊन ओसरीवर गेल्या. मी मागोमाग गेलो. चार परक्या माणसांसमोर त्या अण्णांशी कधी बोलायच्या नाहीत. त्या दिवशी बोलल्या.

“अहो, यात काटा होता. पाटाचा. तुम्हाला टोचला नाही?”

“कुठे?”

“तुम्ही बसता तिथं. मधोमध. रोज.”

अण्णांनी उशी हातात घेतली. भोकात बोट घालून बघितलं. ड्राफ्ट्समनच्या सवयीनं त्यांनी ती थोडी लांब धरली, तिरपी केली, नीट न्याहाळली. “नाही बुवा,” ते म्हणाले. “मला काहीच नाही लागलं.” आणि ते बोलता बोलताच त्यांना कळलं. पाहुण्यांपैकी कुणीतरी गणपतीच्या देखाव्याबद्दल काहीतरी बोलत होतं, ते बोलतच राहिलं.

अक्कांनी त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. बाहेर आल्या त्या सरळ माझ्याकडे. “जखम आहे,” त्या मला हळूच म्हणाल्या. “चिघळलेली. माझं बोट लावलेलंही कळत नाही त्यांना. जेवणं उरकू देत. मग टांगा आण.”

त्यांनी पंक्ती वाढल्या. कुणाला काही कळू दिलं नाही. आग्रहही केला.

कँटोन्मेंटमधले ते डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी अण्णांना पालथं झोपवलं आणि टाचणी घेऊन कमरेपासून खाली तपासत गेले. प्रत्येक वेळी विचारायचे, कळलं का? मांडीच्या पुढच्या बाजूला कळायचं. मागच्या बाजूला, जिथं माणूस बसतो तेवढ्या सगळ्या भागात, काहीच कळत नव्हतं. घोड्यावर बसताना खोगीर जेवढ्या जागेला लागतं तेवढीच जागा, असं डॉक्टरांनी मला इंग्रजीत सांगितलं. मग कागदावर मणका काढून दाखवला. खालच्या टोकाशी नसांचा जुडगा असतो, त्यावर काहीतरी दाबून बसलंय. आधी दाब कमी होता म्हणून कळ यायची. दाब वाढला आणि नसा बोलायच्या थांबल्या. पायातली शक्तीही जायला लागली आहे, लघवीचा त्रास त्याचाच. ऑपरेशन करून दाब काढला तर जे उरलंय ते कदाचित वाचेल. जे गेलंय ते परत येईल असं ते सांगू शकत नव्हते. आणि उशीर केला तर अण्णा उभे राहू शकणार नाहीत. असलं ऑपरेशन करणारे सर्जन त्यांच्या माहितीत मद्रासला होते. तातडीनं जा, म्हणाले.

अक्कांना कळावं म्हणून मी ते सगळं मराठीत सांगितलं. माझं शिक्षण त्या दिवशी त्या कामाला आलं.

अण्णा उठून बसले, धोतर सावरलं. “दुखत होतं तेव्हा तेल लावा म्हणाले,” ते म्हणाले. “आता काही दुखत नाही, तर पाठ कापायची?”

“दुखत नाही म्हणूनच, अण्णा.”

“हे कसलं शास्त्र रे, बीएस्सी?”

अक्का म्हणाल्या, “पुरे. उद्याची गाडी बघ रे.”

निघायच्या सकाळी अण्णांना तलावावर जायचं होतं. कनू पाण्यात घालायची नाही, एवढं त्यांनी स्वतःच कबूल केलं. मी ती काठावर ओढून पालथी घातली. ते माझ्या खांद्याला धरून थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिले. पाणी तेव्हा अगदी स्थिर होतं, वेलींना निळी फुलं आली होती. परत फिरलो. रात्री पाऊस झाल्यामुळे वाटेवर चिखल होता. त्यांच्या उजव्या पायातली चप्पल चिखलात रुतली आणि तिथंच राहिली. ते अनवाणी पाऊल टाकत, काहीतरी बोलत, पुढे चालत राहिले. अक्का मागून येत होत्या. त्यांनी वाकून चप्पल उचलली, पदराखाली धरली आणि घरापर्यंत तशीच आणली.

मद्रासला मीही गेलो. कारखान्यानं रजा दिली नसती तरी गेलो असतो. पण साहेबांनी दिली, अण्णांचं नाव ऐकून. त्या शहरातला दमट उकाडा, इस्पितळाच्या लांबच लांब ओसऱ्या, तिथल्या पायऱ्यांवर चुली मांडून बसलेले रोग्यांचे नातेवाईक, आणि त्यांच्यात शेगडीवर अण्णांसाठी मऊ भात शिजवणाऱ्या अक्का, हे सगळं मला स्वच्छ आठवतं. ऑपरेशन बराच वेळ चाललं. मणक्यातून काय काढलं ते सर्जननी मला कागदावर दाखवलं आणि म्हणाले, आता वाट बघायची. नसा जिवंत असतील तर हळूहळू बोलतील. आधी पायाच्या अंगठ्याकडे बघू.

अक्कांनी तेवढंच धरून ठेवलं. देवाला अभिषेक, उपास, सगळं त्या अंगठ्यासाठी बोलल्या. दिवसातून कितीदा तरी त्या पायाशी जाऊन अंगठा चोळायच्या आणि विचारायच्या, “कळतंय का काही?” अण्णा कधी म्हणायचे, “कळल्यासारखं वाटतंय.” कधी म्हणायचे, “थोडं.” अक्का भात शिजवायला बाहेर गेल्या की ते छताकडे बघत पडून राहायचे. तेव्हा मी विचारायचो नाही.

टाके काढल्यानंतर एका सकाळी सर्जन तपासायला आले. अण्णा उताणे होते. अक्का खाटेच्या एका बाजूला, कमरेशी, त्यांचा हात हातात घेऊन. मी दुसऱ्या बाजूला उशाशी, सर्जनचं बोलणं त्यांना सांगायला वाकून. सर्जन इंग्रजीत म्हणाले, त्यांना डोळे मिटायला सांगा. मी त्यांचा अंगठा धरून वर करीन किंवा खाली करीन, त्यांनी फक्त सांगायचं, वर की खाली. मी सांगितलं. अण्णांनी डोळे मिटले. अक्कांनीही मिटले, त्यांचे ओठ हलत होते.

सर्जन पांघरूण बाजूला करत होते. पायाला त्यांनी अजून हात लावला नव्हता.

“वर,” अण्णा म्हणाले. ठाम आवाजात.

अक्कांनी डोळे उघडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “बघितलंस? कळलं त्यांना! बरोबर आहे ना रे? विचार डॉक्टरांना.”

सर्जननी माझ्याकडे बघितलं. मी विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही. त्यांनी उजव्या पायाचा अंगठा चिमटीत धरला, खाली वाकवला आणि तसाच धरून ठेवला.

“आता?” ते म्हणाले.

ओसरीवर कुणीतरी बादली ठेवली त्याचा आवाज झाला. अण्णांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी मान थोडी माझ्या बाजूला वळवली, डोळे मिटलेलेच ठेवून, आणि अक्कांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू मला विचारलं, “धरलाय का रे त्यांनी?”